शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा म्हणून : ध्वनिशास्त्राचा एक पाठ

बौद्ध परंपरेत ऐकण्याला फार मोठे स्थान आहे. शिष्याला ‘श्रावक’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. तथागतांचा उपदेश कित्येक पिढ्या मुखातून कानात आणि कानातून पुन्हा मुखात असा चालत आला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिपिबद्ध झाले. तोपर्यंत धम्म टिकला तो ऐकणाऱ्यांच्या भरवशावर.

असे असताना आपल्या विहारांत आणि समाजमंदिरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ती म्हणजे, “आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहीत.” वक्ता कळकळीने बोलत असतो, भिंतीवरचे स्पीकर दणाणत असतात, आणि मागे बसलेल्या आजीबाई शेजारणीला विचारत असतात, “काय म्हणाले गं?” अभ्यासवर्गात मागे बसलेला मुलगा तर विचारतही नाही. तो गप्प बसतो आणि पुढे त्याला ‘लक्ष नसलेला’ असे नाव पडते. यात दोष वक्त्याचा नसतो, आजीबाईंचा नसतो आणि त्या मुलाचाही नसतो. बहुतेक वेळा दोष दालनाचा असतो. दालनाचा दोष मोजता येतो आणि बऱ्याच अंशी दूरही करता येतो. हे ज्या शास्त्राने शक्य केले त्या ध्वनिशास्त्राची ओळख आमच्या सभासदांना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

दोन कान कशासाठी?

ध्वनी म्हणजे हवेतून जाणारा दाबाचा तरंग. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हा आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

आपण डोळे मिटून बसलो आणि कोणी उजवीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तर आपण नेमके तिकडे बोट दाखवतो. हे कसे घडते? कानात दिशा सांगणारा कोणताही काटा नाही. इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला. अरगॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे रॅले ते हेच. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला जोरात आणि डाव्या कानाला थोडा मंद ऐकू येतो, कारण मध्ये डोके आडवे येते, हे उत्तर पूर्वीपासून दिले जात होते. पण सेकंदाला १२८ कंपने करणाऱ्या नादकाट्याचा खर्ज आवाज घेतला तर त्याची तरंगलांबी सुमारे २.७ मीटर भरते. एवढा लांब तरंग डोक्याला सहज वळसा घालून जातो. दोन्ही कानांना तो जवळजवळ सारख्याच जोराने ऐकू येतो, आणि तरीही दिशा कळते!

रॅले यांनी १९०७ साली मांडलेले उत्तर असे : खालच्या स्वरांसाठी मेंदू वेळेतला फरक वापरतो आणि वरच्या स्वरांसाठी जोरातला फरक वापरतो. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आवाजाला जास्तीत जास्त २२ सेंटिमीटरच्या आसपास अधिक अंतर जावे लागते. २२ सेंटिमीटरला ३४३ मीटरने भागले तर वेळ येतो सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग. एवढ्याशा फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवतो. समोरच्या बाजूला तर तो एखाद्या अंशाइतका बदलही ओळखतो. एवढे नाजूक यंत्र निसर्गाने राजा आणि रंक असा भेद न करता दिले आहे.

आवाज समोरून आला की मागून, वरून आला की खालून, हे मात्र एवढ्याने कळत नाही. त्यासाठी कानाच्या पाळीच्या घड्या उपयोगी पडतात. येणाऱ्या दिशेप्रमाणे त्या आवाजाचे काही स्वर वाढवतात, काही दाबतात, आणि मेंदू त्या खुणा लहानपणापासून शिकत जातो. प्रत्येकाच्या पाळीची घडण निराळी असल्याने या खुणाही प्रत्येकाच्या निराळ्या असतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९४ साली एका मानवाकृती पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून ७१० ठिकाणांहून येणाऱ्या आवाजांची मोजमापे घेतली आणि ती सर्व संशोधकांना खुली केली. पुढे २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ४५ जणांच्या कानांची अशी मोजमापे प्रसिद्ध केली. प्रत्येक व्यक्तीसाठी १२५० दिशा! आज साधा हेडफोन लावून आवाज पाठीमागून किंवा डोक्यावरून आल्याचा भास होतो, त्याच्या मुळाशी ही चिकाटीची मोजणी आहे.

सेबाइन आणि उशा

आता दालनाकडे वळू. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून तयार होते. पण तेथे व्याख्यान कोणाला समजेना. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे काम वॉलेस क्लेमेंट सेबाइन या तरुण भौतिकशास्त्राच्या अध्यापकाकडे सोपवले. त्या वेळी सेबाइन सत्तावीस वर्षांचे होते, आणि या विषयात त्यांचा काही विशेष अभ्यास नव्हता.

रात्री गडबड थांबली की सेबाइन कामाला लागत. ऑर्गन वाद्याची एक नळी वाजवायची, ती बंद करायची, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे. रिकाम्या दालनात तो काळ साडेपाच सेकंदांच्या आसपास निघाला. बोलणारा सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे एक अक्षर विरण्यापूर्वी पुढची वीसहून अधिक अक्षरे त्याच्यावर येऊन पडत होती! मग जवळच्या नाट्यगृहातील बैठकीच्या उशा आणून सेबाइन यांनी दालनात मांडल्या आणि पुन्हा मोजणी केली. उशा वाढत गेल्या तसा आवाज विरण्याचा काळ घटत गेला. उशा पहाटेपूर्वी जागेवर परत न्यायच्या आणि रात्री पुन्हा आणायच्या, असा हा उद्योग दीर्घकाळ चालला.

आवाज भिंतींवर आपटून आपटून हळूहळू विरतो, त्याला आपण ‘निनाद’ म्हणतो. प्रतिध्वनी वेगळा. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत सुमारे ०.१ सेकंदाचे अंतर असेल, म्हणजे भिंत निदान १७ मीटर दूर असेल, तर तो स्वतंत्र ऐकू येतो. लहान दालनात प्रतिध्वनी नसतो, पण निनाद असतोच. आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणाऱ्या वेळेला निनादकाल म्हणतात. सेबाइन यांच्या मोजणीतून निघालेले सूत्र मीटरच्या मापात असे आहे :

निनादकाल = ०.१६१ × दालनाचे घनफळ ÷ एकूण शोषण

शोषण मोजण्यासाठी त्यांनी उघडी खिडकी प्रमाण धरली. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण, म्हणजे १. गुळगुळीत गिलावा किंवा फरशी यांचे शोषण जेमतेम ०.०२. म्हणजे शंभरातला अठ्ठ्याण्णव भाग आवाज परत दालनात येतो. याच सूत्राच्या आधारे बोस्टन शहरातील सिंफनी हॉल उभा राहिला आणि १९०० साली खुला झाला. जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते.

आपल्या दालनाचे गणित

हे सूत्र आपल्याकडच्या एखाद्या विहाराच्या सभागृहाला लावून पाहू. समजा दालन १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे. घनफळ ३८४ घनमीटर. जमीन, छत व भिंती मिळून पृष्ठभाग ३५२ चौरस मीटर. पैकी ६ चौरस मीटर खिडक्या उघड्या आहेत, बाकी सर्वत्र फरशी व गिलावा आहे. मग शोषण : उरलेल्या ३४६ चौरस मीटरचे सुमारे ७, आणि खिडक्यांचे ६, एकूण १३. ०.१६१ गुणिले ३८४ म्हणजे सुमारे ६२. त्याला १३ ने भागले की रिकाम्या दालनाचा निनादकाल येतो सुमारे ४.८ सेकंद.

एक बसलेला माणूस अंदाजे ०.४ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो. जयंतीच्या दिवशी १०० माणसे बसली तर शोषण ४० ने वाढते आणि निनादकाल १.२ सेकंदांवर येतो. भाषण बऱ्यापैकी समजते. पण रविवारच्या अभ्यासवर्गाला २० मुले बसली, तर शोषण फक्त ८ ने वाढते आणि निनादकाल ३ सेकंदांच्या आसपास राहतो. म्हणजे ज्या दिवशी गर्दी असते त्या दिवशी दालन साथ देते, आणि ज्या दिवशी मूठभर मुले शिकायला बसतात त्या दिवशी तेच दालन त्यांच्या विरोधात जाते. वर्गखोलीत निनादकाल सुमारे ०.६ सेकंद असावा आणि बाहेरच्या गोंगाटाची पातळी ३५ डेसिबलच्या वर नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली मार्गदर्शन केले आहे. त्यापुढे ३ सेकंद म्हणजे पाचपट!

अशा वेळी आपण काय करतो? आवाज वाढवतो. पण त्याने काही साधत नाही. स्पीकरचा आवाज दुप्पट केला की निनादही दुप्पट होतो, दोहोंचे प्रमाण तेच राहते. मराठी बोलताना ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जोरकस असतात आणि ‘त’, ‘थ’, ‘क’, ‘प’ ही व्यंजने हलकी असतात. मागच्या स्वराचा निनाद पुढच्या व्यंजनाला गिळून टाकतो. ‘कान’, ‘पान’, ‘दान’ सारेच ‘आन’ होऊन बसते. भर घालायची ती आवाजात नव्हे, शोषणात. वरच्याच दालनात २० मुले असताना छताला व मागच्या भिंतीला मिळून ६० चौरस मीटर शोषक तक्ते लावले आणि त्यांचे शोषण ०.६ धरले, तर निनादकाल ३ वरून सुमारे १.१ सेकंदांवर येतो.

पहिल्या तरंगाचा मान

जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात एक मोठी उपयोगी गोष्ट दाखवली. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर मेंदू दोन आवाज ऐकत नाही. जो आधी पोहोचला त्याच्या दिशेने एकच आवाज आला असे मानतो. दुसरा आवाज सेकंदाच्या तीस हजारांशांच्या आत आला आणि १० डेसिबलपर्यंत जोराचा असला, तरीही मान पहिल्यालाच!

याचा व्यवहारात उपयोग असा. दालनाच्या मध्यावर दुसरी स्पीकरची जोडी लावली आणि मंचापासून तिचे अंतर १० मीटर असले, तर मंचावरचा आवाज तेथे पोहोचायला सेकंदाचे २९ हजारांश लागतात. त्या जोडीचा आवाज तेवढा, आणि वर थोडासा, उशिरा सोडला तर मागच्या माणसाला शब्द स्पष्ट येतो आणि तो वक्त्याच्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. ही सोय आता साध्या डिजिटल मिक्सरमध्येही असते. साऊंडवाल्याला तेवढे सांगायचे असते.

आवाजाला जागा देणारे संशोधन

ध्वनीची जागा टिपून ठेवण्याचा प्रयत्न १९३०च्या दशकात जोराने सुरू झाला. इंग्लंडमधील अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये द्विकर्णी ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपण ज्याला ‘स्टीरिओ’ म्हणतो त्याचा तो पाया. १९४२ साली युद्धकाळात रडारच्या चाचणीवेळी विमान अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. १९७०च्या दशकात ऑक्सफर्डचे मायकेल गेर्झन यांनी सर्व दिशांचा ध्वनी एकत्र टिपून नंतर हवा तसा उलगडण्याची पद्धत विकसित केली. तिला अँबिसोनिक्स म्हणतात. २०१२ पासून चित्रपटगृहांत छतावरचे स्पीकरही बोलू लागले.

या शास्त्राचा आणखी मोलाचा उपयोग वारसा जपण्यासाठी होत आहे. दालनात एक फुगा फोडला आणि त्याचा निनाद टिपून घेतला, तर त्यावरून संगणकावर त्या दालनात कोणताही आवाज कसा ऐकू येईल ते ऐकता येते. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या पुरातन वास्तूत गाण्याची परवानगी नसताना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथे फोडलेल्या फुग्यांच्या मुद्रणावरून तो दहा सेकंदांहून मोठा निनाद पुन्हा उभा केला. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या ध्वनीची मोजमापे २०१३ साली घेऊन ठेवलेली होती. १५ एप्रिल २०१९ रोजी त्या वास्तूला भीषण आग लागली, आणि ती मोजमापे आगीपूर्वीच्या ध्वनीचा मोलाचा पुरावा ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा उघडली.

आपल्या महाराष्ट्रात तर कातळात कोरलेल्या लेण्यांचे भांडार आहे. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह सुमारे १४ मीटर उंच आहे. तेथे कठीण पाषाण आवाज परत फेकतो, खांबांच्या रांगा तो विखुरतात, दर्शनी भागातील मोठे गवाक्ष त्याचा काही भाग बाहेर सोडते. शिल्पाचे छायाचित्र घेतो तसा अशा वास्तूचा ध्वनीही, रीतसर परवानगी घेऊन, टिपून ठेवण्यासारखा आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतले तर पुढच्या पिढ्या त्याचे नाव काढतील. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाच्या संशोधनाबरोबरच तबला-मृदंगाचा नाद आणि विजापूरच्या गोलघुमटातील कुजबूज यांचाही अभ्यास केला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

एका कानाने ऐकणारे मूल

आता एका कळकळीच्या विषयाकडे वळतो. एका कानाने नीट ऐकू न येणारे मूल घरात चारचौघांसारखे वागते. शांत खोलीत त्याला सारे ऐकू येते, त्यामुळे आईवडिलांना काही कळत नाही. पण वर दिलेले सारे गणित दोन कानांचे आहे. एक कान गेला की दिशा हरवते आणि गोंगाटातून हवा तो आवाज निवडणे अवघड होते. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रयोगाने दाखवले की दोन कानांना दोन वेगळी भाषणे ऐकवली तर माणूस त्यांतले एक निवडून नीट ऐकू शकतो. ही निवड करण्यात दोन कानांचा मोठा आधार असतो. म्हणून असे मूल वर्गात मागे पडते, रस्त्यावर गाडीचा भोंगा कोणीकडून आला ते त्याला कळत नाही.

कान वाहत असेल तर ‘वय वाढले की थांबेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. कानात तेल किंवा कसलाही रस घालू नये. कानाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामासाठी आहे. मुलाचा चांगला कान शिक्षकांकडे येईल अशा जागी त्याला पुढे बसवावे. यात खर्च काहीच नाही, फक्त लक्ष हवे.

आपण काय करू शकतो?

१. नवे सभागृह बांधताना छत व मागची भिंत यांच्यासाठी शोषक साहित्याची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. मागाहून केलेले काम महाग पडते.
२. जुन्या दालनात जाड पडदे, जाड सतरंज्या यांचा उपयोग होतो, पण तो मुख्यतः वरच्या स्वरांपुरता. कापड चढवलेले रॉकवूलचे तक्ते अधिक गुणकारी. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावू नयेत. त्यांनी निनाद फारसा कमी होत नाही आणि आगीचा धोका मात्र वाढतो.
३. दोन मोठ्या स्पीकरपेक्षा श्रोत्यांजवळ लावलेले चार लहान स्पीकर बरे. त्यांची तोंडे छताकडे किंवा भिंतीकडे नव्हे, माणसांकडे असावीत.
४. वक्त्याने माईक तोंडाजवळ धरावा आणि वाक्यामागे क्षणभर थांबावे. दालन रिकामे असेल तर अधिक सावकाश बोलावे.
५. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पाळावेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपला कार्यक्रम शेजारच्या आजाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलाला जाच होऊ नये, हीही करुणाच आहे.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रयोग

पहिला : मित्राचे डोळे बांधा आणि वेगवेगळ्या बाजूंनी किल्ल्या वाजवा. तो किती वेळा बरोबर बोट दाखवतो ते लिहा. मग त्याचा एक कान बोटाने बंद करून पुन्हा करा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की रॅले काय म्हणत होते ते कळेल.

दुसरा : विहाराचे दालन रिकामे असताना एक जोरदार टाळी वाजवून ती मोबाइलवर मुद्रित करा. कार्यक्रमाच्या दिवशी माणसे बसल्यावर पुन्हा करा. विरण्याचा काळ किती बदलला ते पाहा, आणि दालनाची मापे घेऊन सेबाइन यांच्या सूत्राशी ताडून पाहा. सूत्र पुस्तकात आहे म्हणून खरे मानू नका, स्वतः मोजून खरे माना. तथागतांनी कालामांना सांगितलेली वाट हीच आहे.

ज्यांना या विषयात पुढे शिकायचे आहे त्यांनी भौतिकशास्त्र व गणित सोडू नये. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, तसेच वास्तुशास्त्र व अभियांत्रिकीची महाविद्यालये अशा अनेक वाटा या शास्त्राकडे जातात.

पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या मंत्रात शिकणे पहिले आहे, आणि शिकण्याची सुरुवात ऐकण्यापासून होते. पुढच्या रांगेत बसणाऱ्याला कळले आणि मागच्याला कळले नाही, तर ती सभा अर्धीच झाली. समतेचा विचार मांडणाऱ्या आपल्या दालनांत तरी शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंना आणि कोपऱ्यातल्या त्या गप्प मुलाला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. संस्थेच्या कार्यकारिणीने येत्या वर्षी निदान एका सभागृहात टाळीचा प्रयोग करून, मोजणी करून, हे काम सुरू करावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!